पर्णछत्र आणि पावसाचा ताळेबंद

वनांमुळे पाणी वाढते की घटते, हा प्रश्न विकासाच्या चर्चेत वारंवार उपस्थित होतो. त्याचे उत्तर शोधताना, झाडावर पडलेल्या पावसाचे पुढे काय होते, हे प्रथम समजून घेणे आवश्यक आहे.

वृक्षांच्या पर्णछत्रावर पडणाऱ्या पावसाचे तीन वाटे होतात. काही पाणी पाने व फांद्या यांवर अडून तेथूनच बाष्परूपाने हवेत परतते. काही पानांमधून गळून जमिनीवर पडते. तर काही खोडावरून ओघळत मुळांपाशी पोहोचते. यांपैकी पहिल्या वाट्यास ‘अवरोधन’ म्हणतात. हे पाणी जमिनीस मिळत नसल्याने पाण्याच्या ताळेबंदात ते खर्चाच्या बाजूस मांडले जाते.

हा खर्च सर्व ऋतूंत सारखा नसतो. पर्णछत्राची पाणी धरून ठेवण्याची क्षमता मर्यादित असते. ती २ मिलिमीटर आहे असे मानल्यास, ४ मिलिमीटरच्या सरीतील निम्मे पाणी पानांवरच अडेल. ८० मिलिमीटरच्या मुसळधार पावसात मात्र हे प्रमाण अवघे अडीच टक्के राहील. पाऊस सुरू असतानाच्या बाष्पीभवनाने त्यात काहीशी भर पडते. तात्पर्य, तुरळक सरींत अवरोधनाचा वाटा मोठा, तर संततधार पावसात तो अल्प असतो.

दुसरा घटक पानगळीचा. मध्य भारतातील सागवान उन्हाळ्यात बहुतांशी निष्पर्ण असल्याने वळवाच्या सरी फारशा अडत नाहीत. मोसमी पाऊस स्थिरावतो तेव्हा त्यास नवी पाने आलेली असतात. याउलट, हिमालयातील बांज हा सदाहरित ओकवृक्ष पश्चिमी विक्षोभांमुळे पडणारा हिवाळी पाऊसही अडवतो.

मात्र केवळ अवरोधनावरून वृक्षांस दोष देणे योग्य नव्हे. वनातील पालापाचोळा व मुळांनी सच्छिद्र केलेली माती पाणी मुरण्यास साहाय्य करते. उलटपक्षी, सागाच्या रुंद पानांवरून गळणारे मोठे थेंब उघड्या मातीची धूप वाढवू शकतात. म्हणून पर्णछत्राइतकेच महत्त्व त्याखालील आच्छादनास आहे.

धोरणाच्या दृष्टीने याचा अर्थ काय? चौदाव्या वित्त आयोगाने २०१५-२० साठी राज्यांमधील करवाटपाच्या सूत्रात वनाच्छादनास ७.५ टक्के भार दिला. पंधराव्या आयोगाने २०२१-२६ साठी वने व पर्यावरण या निकषास १० टक्के दिला. २०१६ मध्ये प्रतिपूरक वनीकरण निधी अधिनियम संमत झाला. या तरतुदींमुळे वनांस आर्थिक मूल्य लाभले, हे स्वागतार्ह आहे. तथापि, वनक्षेत्राच्या मोजमापातून पाण्याचा हिशेब कळत नाही. अल्प पावसाच्या प्रदेशात दाट सदाहरित लागवड झाल्यास तिची किंमत परिसरातील विहिरींवर अवलंबून असणाऱ्या शेतकऱ्यास मोजावी लागू शकते. त्यामुळे किती झाडे लावली, याबरोबरच कोठे, कोणती आणि कोणत्या ऋतूतील पावसाखाली लावली, हेही नियोजनात विचारले गेले पाहिजे.