उजेडाने कोरलेली चिप

तुमच्या घरी किंवा गावच्या देवळात लक्ष्मीची, सरस्वतीची जुनी रंगीत तसबीर पाहिली असेल. राजा रविवर्मा या चित्रकाराने १८९४ साली मुंबईला घाटकोपर येथे छापखाना काढला. १८९९ साली तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. तेथे अशा तसबिरी दगडावरून छापत. होय, दगडावरून! गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे. मग दगड ओला करायचा. वरून शाई फिरवली, की ती तेलकट रेघांनाच धरते. ओल्या जागी धरत नाही. कागद दाबला, की चित्र उमटले. हिला शिळाछाप म्हणत. इंग्रजीत लिथोग्राफी. लिथो म्हणजे दगड.

रंगीत तसबिरीला एका दगडाने भागत नसे. लाल रंगाचा दगड वेगळा, पिवळ्याचा वेगळा, निळ्याचा वेगळा. छापताना एखादा रंग जरा सरकला, तर लक्ष्मीच्या ओठांचा लाल रंग गालावर! तसबीर वाया गेली. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मोबाइल फोन घ्या. त्याच्या पोटात नखाएवढा एक तुकडा असतो. त्याला चिप म्हणतात. फोनचा सारा हिशेब तीच करते. तिच्यावर विजेची बारीक बारीक बटणे असतात. त्यांना ट्रान्झिस्टर म्हणतात. (रेडिओलाही आपण ट्रान्झिस्टर म्हणत असू, ते याच्याच नावावरून.) नव्या फोनच्या चिपेवर अशी हजार कोटींहून जास्त बटणे असतात. एवढी बटणे हाताने कोण बसवणार? म्हणून ती उजेडाने छापतात. १९५७ साली अमेरिकेत लॅथ्रॉप आणि नॉल या दोघांनी ही युक्ती काढली. तिचे नाव फोटोलिथोग्राफी. फोटो म्हणजे उजेड. नावातला दगडही अगदीच खोटा नाही बरे का! चिप सिलिकॉनची असते आणि सिलिकॉन गारेच्या दगडातूनच काढतात.

सिलिकॉन शुद्ध करून त्याचा जाड दांडा बनवतात. काकडीसारख्या त्याच्या चकत्या कापतात. चकती फूटभर रुंद, पण एक मिलिमीटरहूनही पातळ. तिच्यावर आधी एक पातळ थर चढवतात. मग मधोमध एक दाटसर रसायन ओततात आणि चकती कुंभाराच्या चाकाहून कितीतरी जोराने फिरवतात. रसायन सगळीकडे सारखे पसरते. त्याचा गुण असा, की उजेड लागला की ते बदलते.

रांगोळीचा छाप तुम्हाला ठाऊक आहे. भोकातून रांगोळी पडते, बाकी जागा कोरी राहते. येथे रांगोळीच्या जागी उजेड. छाप काचेचा. त्यावर नक्षी चौपट मोठी काढलेली असते. भिंगे ती लहान करून चकतीवर पाडतात. जेथे उजेड पडला, तेथले रसायन धुतले की निघून जाते. खालचा थर उघडा पडतो. मग खास वायू सोडतात. तो उघडा भाग तेवढा खाऊन टाकतो. उरलेले रसायन पुसले, की नक्षी कोरलेली दिसते.

हा झाला एक थर. असे कित्येक डझन थर एकावर एक कोरायचे. येथेच तसबिरीची गोष्ट आठवा. नवा थर खालच्या थरावर नेमका बसला पाहिजे. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातल्या चार-पाच भागांइतकी चूकसुद्धा महागात पडते.

दुसरा वैरी धूळ. डोळ्याला न दिसणारा कण पडला, तरी चिप वाया जाते. म्हणून कामगार डोक्यापासून पायांपर्यंत पांढरा झगा घालतात. तो कामगाराला जपायला नाही, चिपेला माणसापासून जपायला! पावडर-काजळ लावून आत जाता येत नाही. नक्षी छापायच्या खोलीत दिवेही पिवळे असतात, कारण पिवळ्या उजेडाने ते रसायन बदलत नाही.

जाड कुंचल्याने बारीक रेघ निघत नाही. उजेडाचेही तसेच आहे. सर्वांत बारीक नक्षीला डोळ्यांना न दिसणारा वेगळाच उजेड लागतो. त्यासाठी वितळलेल्या कथलाचे थेंब सोडतात. भांड्यांना कल्हई करतात तेच हे कथील. सेकंदाला ५० हजार थेंब! प्रत्येक थेंबावर लेसरचा मारा करतात, तेव्हा तो उजेड निघतो. हा उजेड हवा गिळते, काचही गिळते. म्हणून यंत्रातली हवा काढून टाकतात आणि भिंगांऐवजी आरसे लावतात. अशी यंत्रे बनवून विकणारी कंपनी जगात एकच आहे. तिचे नाव एएसएमएल, गाव नेदरलँड्समधले फेल्डहोव्हेन.

मोटारीतल्या चिपांना इतकी बारीक नक्षी लागत नाही. तरी २०२१ साली त्याही मिळेनात. मोटारींचे कितीतरी कारखाने थांबून राहिले. आपल्याकडेही गिऱ्हाइकांना गाडीसाठी महिनोन्‌महिने वाट पाहावी लागली. एका कारखान्यात नाही, तर दुसऱ्यात करून घेऊ, असे जमेना. चकती आत गेली, की तयार होऊन बाहेर यायला दोन-तीन महिने लागतात. आणि नवा कारखाना उभा राहायला काही वर्षे.