अंगणातले कोर्ट : शंभर मीटर पट्टीचा हिशेब

विश्रांतवाडीत आमच्या घरामागे ५२ फूट लांब आणि २६ फूट रुंद अंगण आहे. सणाच्या हंगामात तेथे कापडाच्या गाठी उतरतात, एरवी ते रिकामे असते. आमची मुलगी बॅडमिंटन खेळते. क्लब दूर, परतायला रात्र होते, म्हणून तिने खेळ सोडायचे ठरविले होते. आम्ही तिला म्हणालो, कोर्ट येथेच मांडू. पण टेम्पो आला की ते उचलता आले पाहिजे. माल बाहेर भिजला तर घर कशावर चालणार?

हा खेळ तसा आपल्या पुण्याचाच. १८७० च्या दशकात येथील छावणीतले इंग्रज अधिकारी तो खेळत आणि त्याला ‘पूना’ म्हणत. पुढे इंग्लंडमधील बॅडमिंटन हाऊस या हवेलीचे नाव त्याला चिकटले.

माप ठरलेले आहे. लांबी ४४ फूट, रुंदी २० फूट. जाळी मधोमध ५ फूट, खांबांपाशी एक इंच जास्त. रेघांची रुंदी ४० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दीड इंच. सर्व रेघा मोजल्या तर सुमारे १०० मीटर भरतात. रंग मारला तर अंगण कायमचे अडकते, म्हणून आम्ही सुती पट्टी घेतली, टोकांना व कोपऱ्यांना पितळी कड्या ठोकल्या आणि लोखंडी खुंट्यांनी ती जमिनीत ताणून बसविली.

येथे आमची फजिती झाली. पहिल्याच पावसात पट्टी आखडली आणि ४४ फुटांचे कोर्ट दीड फुटाने कमी भरले. तीस वर्षे गिऱ्हाइकांना सांगतो की सुती कापड आधी भिजवा, मग शिवा. आणि घरच्या कामात तेच विसरलो! मुलगी दोन दिवस हसत होती. दुसऱ्या वेळी नायलॉनची पट्टी आणली. ती आखडत नाही आणि लवकर सुकते.

खांबांचे काम वेल्डरकडे दिले. जुन्या टायरमध्ये काँक्रीट भरून मधोमध पाइप उभा केला, तर अर्धा टायर कोर्टात आला. नियमाप्रमाणे खांबाचा आधार रेघेच्या आत येता कामा नये. नियम बाजूला ठेवला तरी खेळणाऱ्याचा पाय त्यावर मुरगळतो. मग पाइप लोखंडी पत्र्याच्या एका कडेला जोडला, वजन बाहेरच्या बाजूस ठेवले आणि भिंतीतल्या कडीला दोर बांधला. जाळी ताणली तरी आता खांब झुकत नाही.

ज्यांच्याकडे फरशी आहे त्यांनी रबरी किंवा पीव्हीसीची चटई घ्यावी, कारण ओली फरशी घसरते. चटई घडी करू नये, गुंडाळून उभी ठेवावी. घडीची वळी पुन्हा जात नाही. कोर्टाची लांबी उत्तर-दक्षिण ठेवली तर संध्याकाळचे ऊन डोळ्यांत येत नाही. वाऱ्याला मात्र इलाज नाही. पिसांचे शटल उडून जाते, म्हणून बाहेर नायलॉनचे वापरावे.

जागा दोन कामांना वापरणे ही काही नवी गोष्ट नाही. १९८० साली ऑल इंग्लंड जिंकणारे प्रकाश पदुकोण लहानपणी बंगळूरच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये खेळत. लग्न असले की त्या दिवशी खेळ बंद.

आमच्याकडे दोघांना कोर्ट उचलायला वीस मिनिटे लागतात. पट्टी गुंडाळून पोत्यात, जाळी खुंटीवर, खांब जिन्याखाली. मुलीने क्लबचे नाव काढणे बंद केले आहे. आता ती शेजारच्या मुलींना शिकवते.

गेल्या महिन्यात ओळखीचे एक मंडपवाले हे पाहून गेले. मंडपासारखे भाड्याने देण्यासाठी त्यांना दोन संच हवेत. शिलाई आमच्या शिंप्याची, लोखंड वेल्डरचे, पट्टी आमची. भाव अजून ठरलेला नाही. ते पट्टीचे पैसे मीटरवर द्यायला तयार आहेत, आम्ही संचावर मागतो आहोत.