“लक्ष कुठे आहे तुझे?” : मुलांना मनाचीही ओळख करून द्या

“अरे, लक्ष कुठे आहे तुझे?” हे वाक्य शाळेत ज्याने ऐकले नाही असा विद्यार्थी विरळाच. परंतु लक्ष म्हणजे काय, ते का सुटते आणि सुटलेले परत कसे आणावे, हे मुलांना सहसा कोणी सांगत नाही. मग ज्याचे लक्ष लागत नाही तो ‘ढ’ ठरतो, मागच्या बाकावर जातो आणि “आमच्या पोराच्या नशिबातच शिक्षण नाही” असे म्हणून घरचेच त्याला कामाला जुंपतात. वास्तविक लक्ष ही जन्माने मिळणारी देणगी नव्हे, ती सरावाची गोष्ट आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील वस्त्यांवर रविवारचे अभ्यासवर्ग घेताना हेच पटवून देण्यासाठी आम्ही काही बिनखर्चाचे प्रयोग करतो. पालकांनी व शिक्षकांनीही ते अवश्य करून पाहावेत.

पहिला प्रयोग पट्टीचा. एकाने ३० सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबती ठेवावी. दुसऱ्याने शून्याच्या खुणेपाशी अंगठा व बोट उघडे ठेवावे. न सांगता पट्टी सोडली की त्याने ती चिमटीत पकडायची. २० सेंटिमीटरवर पकडली, तर डोळ्यांनी पाहून बोटे मिटेपर्यंत सुमारे ०.२ सेकंद गेला असा हिशेब. आता त्याच मुलाला सतराचा पाढा म्हणत पट्टी पकडायला सांगा. पट्टी बहुधा आणखी खाली घसरते, कधी निसटूनच जाते. हात तोच, डोळे तेच. मन मात्र दोन ठिकाणी वाटले गेले. आम्ही कारकून माणसे. रकान्याची बेरीज चालू असताना साहेबांनी हाक मारली की पुन्हा पहिल्या आकड्यापासून सुरुवात! मोबाईल शेजारी ठेवून गृहपाठ करणाऱ्या मुलाचेही असेच होते.

दुसरा प्रयोग रंगांचा. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईने, ‘निळा’ हा लाल शाईने, असे वीस शब्द लिहा. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग भराभर सांगायचा. हुशार मुलेही अडखळतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन रिडले स्ट्रूप यांनी १९३५ साली असा प्रयोग प्रसिद्ध केला. गंमत अशी की, आमच्या वर्गात अक्षरओळख नसलेल्या एका आजींनी सर्व रंग न अडखळता सांगितले! कारण सरळ आहे. वाचनाचा सराव झाला की वाचन इतके अंगवळणी पडते, की थांबवू म्हटले तरी थांबत नाही. म्हणजेच सरावाने मनाला वळण लागते. एका सवयीचे जे होते, ते दुसऱ्या सवयीचे का होणार नाही?

तिसरा प्रयोग दोऱ्याचा. वीतभर दोऱ्याला अंगठी बांधून कागदावर काढलेल्या फुलीवर स्थिर धरा. हात हलवायचा नाही. “ही उभ्या रेघेवर हलेल” एवढेच मनात आणा. थोड्या वेळात अनेकांची अंगठी तशी झुलू लागते. मुले घाबरतात, काहींना अंगात आल्यासारखे वाटते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३३ सालीच याचे कारण सांगितले होते. आपल्याला न जाणवणाऱ्या बोटांच्या सूक्ष्म हालचाली अंगठीला झुलवतात. हे एकदा हाताने अनुभवलेले मूल लंबक फिरवून भविष्य सांगणाऱ्या बुवाला भुलणार नाही. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने चमत्कारांमागचे विज्ञान असेच प्रत्यक्ष करून शाळाशाळांतून दाखविले.

शेवटचा प्रयोग चिंचोक्यांचा. मुलांनी ताठ बसून श्वास एक ते दहा असे मोजायचे. मन भटकल्याचे कळले की वाटीत एक चिंचोका टाकून पुन्हा एकपासून सुरुवात करायची. दोन मिनिटे पुरेत. तथागतांनी सांगितलेल्या आनापानसतीचे हे अगदी बाळरूप. ज्याच्या वाटीत चिंचोके जास्त, तो हिरमुसतो. त्याला सांगावे : “बाळा, प्रत्येक चिंचोका म्हणजे तू मनाला एकदा पकडून परत आणलेस.” मन सर्वांचेच भटकते; ते भटकले हे कळणे, तेच लक्ष.

मात्र एक पथ्य पाळावे. या प्रयोगांवरून मुलांना गुण देऊ नयेत किंवा त्यांची तुलना करू नये. एखाद्याचे लक्ष सतत लागतच नसेल, तर आधी त्याची झोप, पोटातील भूक, डोळे आणि कान तपासावेत. गरज वाटल्यास डॉक्टरांना दाखवावे, भगताला नव्हे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये, आजच्या छत्रपती प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, दाखल झाले. शाळेत त्यांना वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे. मूल कुठे बसले आहे यावरून त्याच्या मनाचे माप काढणाऱ्यांना याहून मोठे उत्तर कोणते? २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस ‘विद्यार्थी दिन’ म्हणून साजरा होतो. त्या दिवशी भाषणे होतातच. त्यासोबत येत्या विद्यार्थी दिनी आपल्या वस्तीत एक पट्टी, एक अंगठी आणि मूठभर चिंचोके घेऊन मुलांना गोल बसवा. मागच्या बाकावरच्या मुलाला आधी बोलवा.