नवनियुक्त शिक्षकांविषयीची धोरणे

शिक्षकाची पात्रता, निवड, उमेदवारीचा काळ, वेतन आणि प्रशिक्षण यांचे नियमन करणाऱ्या शासकीय तरतुदींना शिक्षक धोरण असे म्हणतात. देशोदेशींच्या धोरणांतील फरक सेवेच्या पहिल्या काही वर्षांत विशेष ठळकपणे दिसतो. शिक्षकांच्या दर्जासंबंधी ५ ऑक्टोबर १९६६ रोजी पॅरिस येथे स्वीकारण्यात आलेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत उमेदवारीचा काळ हा नवशिक्षकास प्रोत्साहन व मार्गदर्शन देण्याची संधी मानला आहे.

महाराष्ट्र

महाराष्ट्रात २००० साली शिक्षण सेवक योजना सुरू झाली. तीनुसार नवनियुक्त शिक्षक तीन वर्षे मानधनावर काम करतो आणि सेवा समाधानकारक ठरल्यास त्यास नियमित वेतनश्रेणी मिळते. प्राथमिक शिक्षण सेवकाचे मानधन प्रारंभी दरमहा ३,००० रुपये होते; जानेवारी २०२३ पासून ते १६,००० रुपये झाले. माध्यमिक स्तरासाठी ही रक्कम १८,००० व उच्च माध्यमिक स्तरासाठी २०,००० रुपये आहे.

पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी शिक्षक पात्रता परीक्षा आवश्यक असून, भरती अभियोग्यता चाचणीच्या गुणांनुसार ‘पवित्र’ या संगणकीय प्रणालीद्वारे होते. पनवेल तालुक्यातील गव्हाणसारख्या गावात या व्यवस्थेच्या दोन्ही बाजू आढळतात. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतील निवड मुलाखतीविना होते. रयत शिक्षण संस्थेसारख्या खाजगी संस्थेच्या अनुदानित विद्यालयासाठी मात्र मुलाखतीचा पर्याय उपलब्ध असतो. मानधनाचा काळ दोन्हींकडे सारखाच आहे.

अन्य देश

फिनलंडमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून प्राथमिक शिक्षकासही पदव्युत्तर पदवी आवश्यक आहे. तेथील खरी चाळणी विद्यापीठ प्रवेशाच्या वेळी लागते. शाळांची शासकीय तपासणी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी बंद करण्यात आली.

सिंगापूरमध्ये शिक्षकांचे प्रशिक्षण राष्ट्रीय शिक्षण संस्थेत होते. शिक्षण मंत्रालयाने निवडलेल्या उमेदवारास प्रशिक्षणकाळातच वेतन मिळते. त्या बदल्यात ठरावीक वर्षे सेवा करण्याचे बंधन असते. पुढे अध्यापन, नेतृत्व व विषयतज्ज्ञ असे बढतीचे तीन मार्ग खुले असतात. त्यामुळे वर्ग न सोडताही वरिष्ठ पद मिळू शकते.

जपानमध्ये १९८९ पासून शासकीय शाळेतील नवशिक्षकास पहिल्या वर्षी अनुभवी शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली प्रशिक्षण घेणे बंधनकारक झाले. हे वर्ष परिवीक्षेचे असले, तरी शिक्षक वेतनश्रेणीतच असतो. सहकाऱ्यांनी एकत्र येऊन पाठाचे नियोजन, निरीक्षण व चर्चा करण्याची ‘पाठ अभ्यास’ ही परंपराही तेथे रुजलेली आहे. २००९ साली सुरू झालेली शिक्षक परवान्याच्या नूतनीकरणाची पद्धत २०२२ मध्ये रद्द करण्यात आली.

तुलना

फिनलंड प्रवेशापूर्वीच्या शिक्षणावर, सिंगापूर प्रशिक्षणकाळातील आर्थिक आधारावर, तर जपान पहिल्या वर्षाच्या मार्गदर्शनावर भर देतो. महाराष्ट्रातील उमेदवारही पदविका वा पदवी, पात्रता परीक्षा आणि अभियोग्यता चाचणी अशा टप्प्यांतून निवडला जातो. तथापि निवडीनंतरची तीन वर्षे त्याला कमी मोबदल्यावर काढावी लागतात. पूर्ण वर्गाची जबाबदारी मात्र पहिल्या दिवसापासून त्याच्यावर असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकासाठी दरवर्षी ५० तासांचा व्यावसायिक विकास अपेक्षिला आहे. मानधनाचा काळ हा केवळ खर्चाच्या बचतीचा न राहता शिकण्याचाही ठरावा, यासाठी वेतनाच्या प्रश्नाबरोबरच शाळेतील अनुभवी मार्गदर्शकाची तरतूदही महत्त्वाची ठरते.