तेल आपल्या समुद्रात, भाव मात्र जगाचा

नांदगाव तिठ्यावरून हायवेला लागताना पंपावर भाव दिसतो, मालवणच्या ट्रॉलरवाल्यांनाही डिझेलचंच गणित सतावतं. आपल्याच अरबी समुद्रात तेल निघत असताना जगाचा भाव का मोजायचा?

फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट'ला मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर तेल लागलं. हे जपानमध्ये बांधलेलं रिग. विहिरीच्या जागी पोचलं की पाय खाली सोडून समुद्रतळावर टेकवायचे आणि अख्खा सांगाडा लाटांच्या वर उचलायचा! वेळ तर बघा: अरब देशांनी पुरवठा आवळल्यामुळे पिंपाचा भाव काही महिन्यांतच सुमारे ३ डॉलरवरून ११ डॉलरच्या वर गेला होता. तरीही बॉम्बे हाय नावाच्या या तेलक्षेत्राचं उत्पादन सुरू व्हायला मे १९७६ उजाडला.

हीच तेलाच्या भावाची मेख आहे. मागणी आठवड्यात बदलते, पण नवी विहीर, प्लॅटफॉर्म, पाइपलाइन यांना वर्षं लागतात. म्हणून थोडा तुटवडा आला तरी भाव उसळतो आणि थोडं जास्त झालं तरी कोसळतो. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे साठवायला जागाच उरली नाही, तेव्हा अमेरिकी तेलाचा वायदा चक्क शून्याखाली गेला.

भारत आज गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात करतो. बॉम्बे हायचं तेलही जागतिक भावाशीच बांधलेलं आहे. त्यापासून बनलेल्या पेट्रोल-डिझेलवर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट चढतो, मग ते आपल्या पंपावर येतं.