फ्रिजला कमी गार करताना

काशीदला मे महिन्यात आंबवायला ठेवलेल्या कुठल्याही गोष्टीला धीर नसतो. रात्री वाटून ठेवलेलं आंबोळीचं पीठ पहाटेच पातेल्याच्या काठावरून उतू जातं, आणि पुण्यात आठवडाभर निवांत मुरणारा कोंबुचा इथे चार दिवसांत व्हिनेगरच्या वाटेला लागतो. दुपारी पारा ३२-३३ वर, रात्रीही तो २६-२७ च्या खाली क्वचित येतो, आणि हवा दमट. समुद्र जवळ असल्यामुळे मुंबई-पुण्याच्या लोकांना वाटतं की इथे गार असेल. अंगाला वारा लागतो म्हणून तसं वाटतं, पण बरणीतल्या यीस्टला त्या वाऱ्याचा काही उपयोग नाही.

या किनाऱ्याला ही घाई पूर्वीपासून ठाऊक आहे. मुरूड-अलिबाग पट्ट्यात माडाची माडी आणि ताडाची ताडी काढणाऱ्यांचं सारं गणित तापमानाचं आणि वेळेचं. पहाटे उतरवलेला रस गोड असतो. मडक्यात आणि हवेत असलेलं यीस्ट लगेच कामाला लागतं, दुपारपर्यंत फेस येतो, संध्याकाळी तो चढणारा पदार्थ झालेला असतो आणि एक-दोन दिवसांत आंबट. नीरा गोड ठेवायची तर मडक्याला आतून चुना लावायचा, पहाटेच उतरवायची आणि गार ठेवायची. नीरा आणि ताडी यांच्यात फरक फक्त काही तासांचा आणि काही अंशांचा.

यीस्ट उष्णतेत जास्त जोमाने काम करतं, पण चांगलं काम करत नाही. बिअरचंच उदाहरण घ्या. एल प्रकाराच्या यीस्टला १८ ते २० अंश मानवतात, लागर प्रकाराच्या यीस्टला १० ते १२. तेच एल यीस्ट २८-३० अंशांवर सोडलं की एस्टर नावाची संयुगं भरमसाट तयार होतात. काहींना पिकल्या केळ्याचा वास येतो, काहींना नेलपॉलिशचा. जड अल्कोहोलं वाढतात, ती घशाला जाळतात आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरतं. हे दोष नंतर गाळून काढता येत नाहीत. आंबण्याच्या पहिल्या तीन दिवसांत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

म्हणूनच थंडी आणि मद्यनिर्मिती यांचं नातं जुनं आहे. १८५०च्या दशकात एडवर्ड डायरने ब्रुअरीसाठी कसौलीचा डोंगर निवडला, त्यामागे तिथली गार हवाही होती. पुढे म्यूनिकमध्ये कार्ल फॉन लिंडेने यांत्रिक शीतकरणाची यंत्रं १८७०च्या दशकात बांधली, तेव्हा त्याच्या पाठीशी ब्रुअरीवालेच उभे राहिले, कारण उन्हाळ्यात तळघरातला बर्फ संपला की त्यांचं काम ठप्प व्हायचं. स्वयंपाकघरातला फ्रिज हा त्या यंत्राचाच वंशज. आपल्याकडे नाशिकच्या द्राक्षांची वाइन बाहेर रणरणतं ऊन असताना थंड राखलेल्या स्टीलच्या टाक्यांत आंबते, आणि २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या डूलालीसारख्या मायक्रोब्रुअरीतही टाक्यांभोवती गार द्रव फिरवणारी जाकिटं असतात. द्राक्ष आणि माल्ट जितकं महत्त्वाचं, तितकंच महत्त्वाचं ते जाकीट. घरच्या पातळीवर त्या जाकिटाचं काम एक जुना छोटा फ्रिज करू शकतो, आणि मला त्याचं फार कौतुक आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, मग ते घरात स्वतःपुरतं असलं तरी. नीरेलाही परवाना लागतो. त्यामुळे काशीदच्या घरात हा फ्रिज कोंबुचा, आंबोळीचं पीठ, फार न मुरवलेलं आल्याचं फसफसतं पेय यांच्यासाठी. जिथे घरी बिअर बनवायला मुभा आहे अशा देशांत राहणाऱ्या मराठी मंडळींनी अशाच फ्रिजात २० लिटरची बादली ठेवावी. यंत्राच्या दृष्टीने दोन्ही सारखंच.

आता फ्रिज. अडचण अशी, की घरगुती फ्रिज २ ते ८ अंशांसाठी बनवलेला असतो. नॉब अगदी कमीवर ठेवला तरी तो १९ अंशांवर थांबत नाही. फ्रिज उघडून त्याचा थर्मोस्टॅट बदलायची खटपट अनेक जण करतात. मला ती अनावश्यक वाटते. सोपा मार्ग असा: फ्रिजच्या नॉबला सर्वांत गार ठेवा, म्हणजे तो आपणहून बंद होणार नाही. मग त्याची वीज एका बाहेरच्या तापमान नियंत्रकातून द्या. एसटीसी-१००० या नावाने बाजारात मिळणारा छोटा नियंत्रक या कामासाठी जगभर वापरला जातो. त्याला एक सेन्सर आणि दोन रिले असतात, एक गार करणाऱ्या यंत्रासाठी, दुसरा तापवणाऱ्यासाठी. तापमान १९ वर लावा, फरक अर्धा ते एक अंश ठेवा. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर पुन्हा सुरू होण्याआधी किमान तीन-पाच मिनिटांचा विलंब ठेवा. नुकत्याच थांबलेल्या कॉम्प्रेसरच्या दोन बाजूंचे दाब अजून समान झालेले नसतात, अशा वेळी लगेच चालू केला तर मोटर अडते आणि तापते. ही जोडणी २३० व्होल्टची आहे. ती डबीत बंद असावी, अर्थिंग असावं, आणि स्वतःला खात्री नसेल तर वायरमनकडून करून घ्यावी.

खरी मेख सेन्सरमध्ये आहे. बहुतेक जण तो फ्रिजच्या हवेत लोंबकळत सोडतात. फ्रिजची हवा पाच मिनिटांत गार होते, २० लिटर द्रवाला मात्र तासन्‌तास लागतात. हिशोब करून पाहा: २० लिटर पाणी १० अंशांनी उतरवायला सुमारे ८४० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. सेन्सर हवेत असेल तर फ्रिज समाधानाने बंद होतो आणि बादलीच्या पोटात मात्र ऊब वाढत राहते. त्यातच आंबणं स्वतः उष्णता देतं. दोन किलो साखर पूर्ण आंबली तर सुमारे ११०० किलोज्यूल सुटतात. जोराच्या काळात ही उष्णता रात्रीच्या झिरो बल्बाइतकी भरते. ती बाहेर गेलीच नाही तर १९ अंशांवर सुरू केलेलं रसायन २५ वर सहज पोचतं. म्हणून सेन्सर बादलीच्या बाहेरच्या भिंतीला, द्रवाच्या पातळीच्या खाली, चिकटपट्टीने घट्ट लावा आणि त्यावर जाड फोमचा तुकडा दाबून बसवा, म्हणजे त्याला हवा नाही तर बादली जाणवेल. झाकणातून आत जाणारी, खालून बंद अशी स्टीलची नळी मिळाली आणि सेन्सर तिच्यात सोडता आला तर आणखी उत्तम.

बादली मावणं हा वेगळा खेळ. एकदारी छोट्या फ्रिजात वर बर्फाचा कप्पा आणि मागे खाली कॉम्प्रेसरची पायरी, यांच्यामध्ये जेमतेम जागा उरते. दारातले कप्पे काढून टाका. तळाशी पायरीच्या उंचीला जुळणारा मरीन प्लायचा तुकडा बसवा, कारण जाळीचा कप्पा २० किलोंनी वाकतो, आणि साधा प्लाय इथल्या दमट हवेत फुगतो. वर हवाबंद झाकणावरचा एअरलॉक बर्फाच्या कप्प्याला अडत असेल तर त्याऐवजी लवचिक नळी लावून तिचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडा. कार्बन डायऑक्साइड बाटलीतून बुडबुडत जातो, बाहेरची हवा आत येत नाही. बर्फाच्या कप्प्याखाली घाम साचतो आणि थेंब झाकणावर टपकतात, त्यासाठी एक ताट पुरतं. फ्रिजला भोक पाडण्याचा मोह मात्र आवरा. अनेक फ्रिजांच्या बाजूच्या भिंतींत गॅसच्या नळ्या लपलेल्या असतात, आणि मागच्या पट्टीवर आर-६००ए लिहिलं असेल तर तो गॅस ज्वलनशील आहे. सेन्सरची बारीक वायर दाराच्या रबराखालून सहज जाते.

रिसॉर्ट नूतनीकरणाला काढतं तेव्हा खोल्यांतले छोटे फ्रिज स्वस्तात मिळतात, आणि काशीदला ते आपोआप डोळ्यांत भरतात. घेण्याआधी चालू करून कान लावा. कॉम्प्रेसरचा आवाज अजिबात येत नसेल तर फ्रिज शोषण पद्धतीचा किंवा पेल्टियर प्रकाराचा असण्याची शक्यता मोठी. तसले फ्रिज बाहेरच्या हवेवर फार अवलंबून असतात, उन्हाळ्यात थकतात. २० लिटर द्रव त्यांना झेपत नाही. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजही टाळा: त्यांचं बर्फ वितळवण्याचं चक्र सतत वीज तोडण्याने बिघडतं. जुना, साधा, डायरेक्ट कूल, कॉम्प्रेसरचा फ्रिज या कामाला सगळ्यांत चांगला.

किनाऱ्यावर आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. विजेचा दाब इथे स्थिर नसतो, म्हणून स्टॅबिलायझर हवाच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर मुरूड तालुक्यातल्या कित्येक गावांत दीर्घकाळ वीज नव्हती. तशा संकटाला उपाय नाहीच, पण नेहमीच्या दोन-चार तासांच्या खंडाला एक उपाय आहे. फ्रिजच्या रिकाम्या कोपऱ्यांत पाण्याने भरलेल्या बाटल्या ठेवा. आत जितकं पाणी जास्त, तितकं तापमान हळू चढतं. दुसरी गोष्ट खारी हवा. ती मागच्या कॉइलला, बिजागऱ्यांना आणि नियंत्रकाच्या टर्मिनलांना खाते. पावसाळ्यानंतर एकदा आणि उन्हाळ्याआधी एकदा वीज काढून, कोरड्या ब्रशने कॉइल झाडावं, टर्मिनल पुसावेत. दोन बॅचच्या मधल्या काळात फ्रिज बंद असेल तर दार थोडं उघडं ठेवावं, नाहीतर आठवड्यात रबरावर काळी बुरशी धरते आणि तो वास पुढच्या कोंबुचाच्या फडक्यात शिरतो.