अराकूची कॉफी

इराण्याच्या चहावर वाढलेल्या आपल्या हैदराबादकर मराठी मंडळींना कॉफी म्हटली की चिकमगळूर किंवा कूर्ग आठवते. फार तर एखादा वैदर्भीय चिखलदऱ्याच्या थोड्याशा लागवडीचा अभिमानाने उल्लेख करील. विशाखापट्टणमहून रेल्वेने बोर्रा गुहा पाहून अराकूस जाऊन आलेले वाचक पुष्कळ असतील. परंतु तेथील डोंगरउतारांवर, सिल्व्हर ओकच्या सावलीत उभ्या असलेल्या कॉफीच्या झुडपांचा मालक कोण, याची चौकशी फार थोड्यांनी केली असेल. तो मालक बहुधा एक-दोन एकरांचा धनी असलेला आदिवासी शेतकरी असतो. पूर्वी हे लोक जंगल जाळून ‘पोडू’, म्हणजे फिरती शेती करीत. कॉफीने त्यांना एका जागी स्थिर केले.

लागवड झाली, पण पैसा कोठे मुरतो, हा खरा प्रश्न आहे. कॉफीचे फळ झुडपावर एकाच वेळी पिकत नाही. लाल झालेले तेवढेच तोडायचे, तर त्याच झुडपाकडे हंगामात तीन-चार वेळा जावे लागते. तोडलेले फळ त्याच दिवशी सोलून, आंबवून, धुऊन उंच मांडवावर वाळवले, तरच त्यातील गुण टिकतो. सुमारे सहा किलो फळांतून एक किलो बी निघते. घरी यंत्र नाही, धुण्यास पुरेसे पाणी नाही, आणि आठवडी बाजारातील व्यापाऱ्याची उचल आधीच डोक्यावर. मग हिरवी-लाल फळे एकत्र ओरबाडून अंगणात वाळवली जातात. असा माल उत्तम भावाचा कसा ठरावा? परीक्षक चव घेऊन शंभरांपैकी गुण देतात आणि ऐंशीच्या वर गुण मिळाले तरच कॉफी ‘विशेष’ समजली जाते. (परीक्षेच्या गुणांत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या मास्तरास ही पद्धत फार जवळची वाटते!)

१९४२ च्या कायद्यान्वये कॉफी बोर्ड सर्वांचा माल एकत्र करून विकीत असे. त्यात चांगल्या-वाईटाचा भेद बुडे. १९९५-९६ पर्यंत हे बंधन उठले, पण अराकूच्या शेतकऱ्याला मोकळा बाजार म्हणजे तोच आठवडी बाजार होता. १९५६ साली स्थापन झालेले सरकारी गिरिजन सहकारी महामंडळ आज कॉफीची खरेदी करते. दुसरा प्रयत्न आपल्या हैदराबादेतील ‘नांदी फाउंडेशन’चा. या संस्थेने आदिवासी शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी केली आणि ओले फळच विकत घेऊन पुढची सर्व प्रक्रिया एका ठिकाणी सुरू केली. २०१७ मध्ये या कॉफीचे दुकान थेट पॅरिसमध्ये उघडले. २०१९ मध्ये ‘अराकू व्हॅली अरेबिका’ला भौगोलिक मानांकन मिळाले.

महाराष्ट्रातील वाचकाला यात नवे काय, असे वाटेल. उसाचेही असेच, तोडल्यावर तो लवकर गाळला नाही तर उतारा घटतो. म्हणूनच विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला कारखाना शेतकऱ्यांच्या मालकीचा केला. पॅरिसच्या दुकानापेक्षा मला ओल्या फळाची ही खरेदी अधिक मोलाची वाटते. मात्र पुढे कारखान्यांत जे राजकारण शिरले, ते पाहता नुसत्या ‘सहकार’ या शब्दावर भाळू नये. व्यापारी कितीही कमी भाव देवो, पैसे रोख आणि जागच्या जागी देतो. संस्थेने देयके महिनोन्महिने अडवली, तर शेतकरी पुन्हा त्याच्याच दारी जाणार, आणि त्याला दोष देता येणार नाही.

त्यात २०२५ च्या ऑगस्टमध्ये अराकू भागात कॉफीचे फळ पोखरणारा भुंगेरा प्रथमच आढळला. हा किडा बीच्या आत घर करतो. झाडावर किंवा जमिनीवर राहिलेले एकेक फळ वेचून नष्ट करणे, हाच मुख्य उपाय. एक एकरवाल्याने आपले पीक स्वतःच्या हाताने नष्ट करावे, तर भरपाई हातोहात मिळाली पाहिजे. नाहीतर तो किडलेले फळ लपवील आणि शेजारचे शिवारही बाधेल.

आपल्या मंडळींनी अराकूची कॉफी घेताना पाकिटावरील बारीक अक्षरे वाचावीत. चिकोरी मिसळली असल्यास तिचे प्रमाण तेथे छापलेले असते. जेवढी चिकोरी अधिक, तेवढी त्या डोंगरावरची कॉफी कमी.